वीस फुटी पाईप आणि नऊ फुटी हौदा: पिकअपवर रॅक बसवण्याआधी

प्लंबिंग, ग्रिल-शटरचं फॅब्रिकेशन, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, मंडप, बांबू, पत्र्याच्या शेड. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजी या कामांवर चालते आणि ही सगळी कामं शेवटी एका पिकअपवर किंवा छोट्या हत्तीवर येऊन थांबतात. माल लांब, गाडी आखूड. मग कुणीतरी सांगतो, "वर एक रॅक मारून घे, काम होऊन जाईल." वेल्डिंगवाला उस्तादही म्हणतो, "आणा भाई गाडी, संध्याकाळपर्यंत देतो." रॅक संध्याकाळपर्यंत होते हे खरं. पण ती कशी असावी, कुठे बसावी आणि तिच्यावर नेमकं काय ठेवता येईल, हे आधी ठरलेलं नसेल तर ती रॅक गाडी, पैसा आणि कधी कधी एखाद्याचा जीवही घेऊन जाते.

म्हणून आधी टेप घेऊन मोजमाप करू.

बाजारात मिळणारा एमएस किंवा जीआय पाईप सहा मीटरचा असतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. आपण त्याला वीस फुटी म्हणतो. चौकोनी पाईप आणि अँगलही बहुतेक तेवढेच. पीव्हीसी तीन मीटर आणि सहा मीटर, दोन्हींत मिळतो. सळई बारा मीटरची असते, ती दुकानदार मधोमध वाकवून देतो, म्हणजे पुन्हा वीस फूटच. अॅल्युमिनियमचं सेक्शन बारा फूट, कधी सोळा. पत्रे आठपासून सोळापर्यंत.

आता गाडी. टाटा एसचा हौदा सुमारे सात फूट, पूर्ण गाडी साडेबारा फुटांच्या आसपास. बोलेरो पिकअपचा नेहमीचा हौदा सुमारे नऊ फूट, मोठ्या मॉडेलचा दहा, आणि नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण गाडी सतरा फुटांच्या आसपास. मॉडेलनुसार फरक असतो, म्हणून आपल्या गाडीचे आकडे आरसी आणि कंपनीच्या पुस्तकातून घ्या. पण हिशोब सगळीकडे एकच निघतो. वीस फुटी पाईप बोलेरोच्या पूर्ण लांबीवर आडवा ठेवला तरी जवळजवळ तीन फूट बाहेर राहतो. छोट्या हत्तीवर सात फूट. रॅकने पाईपला आधार मिळतो. गाडीची लांबी वाढत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली तर रॅक निवडण्यातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

"मागे लाल कपडा बांधला की चालतं" असं अजूनही पुष्कळ लोक मानतात. हे जुनं झालं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ मध्ये पूर्वी खांब, सळई अशा मालासाठी मागे एक मीटरपर्यंत सूट होती. ती २०१४ मध्ये काढून टाकली. आता माल बाजूने बॉडीच्या बाहेर नको, मागे गाडीच्या शेवटच्या टोकाबाहेर नको, आणि पुढे हौद्याच्या पुढच्या कडेबाहेर नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (१अ) प्रमाणे असा बाहेर आलेला माल नेल्याचा दंड वीस हजार रुपये आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. कायद्यात नुसता चालवणारा नाही, तर "चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा" हेही शब्द आहेत. म्हणजे ड्रायव्हर पोराला पुढे करून मालकाला बाजूला होता येत नाही.

सूट का काढली ते रात्री हायवेवर गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सळईचं टोक बाजूने बघितलं तर दिसतं, पण सरळ मागून येणाऱ्याला ते एका ठिपक्याएवढं दिसतं. समोरच्या गाडीने अचानक ब्रेक लावला की मोटरसायकलवाल्याला ते टोक दिसेपर्यंत ते त्याच्या छातीपाशी आलेलं असतं. रस्त्यातली इजा पोचवणारी वस्तू बाजूला करणं हे ईमानचं अंग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकवतो. काटा, दगड, काच अशी उदाहरणं देतो. आमच्या मते आता त्या उदाहरणांत गाडीच्या मागे लोंबणारी सळईही घालायला हवी.

दुसरा कायदेशीर मुद्दा खुद्द रॅकचा. कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. केला तर कलम १८२अ (४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नट-बोल्टने बसवलेली, काढता येणारी रॅक या व्याख्येत कशी बसते आणि केबिनवर येणारा भाग मान्य होईल का, हे आपल्या आरटीओच्या निरीक्षकाला रॅकचं साधं चित्र दाखवून, अर्ज देऊन, लेखी विचारून घ्या. उस्ताद म्हणतो "सगळेच लावतात भाई, कोण विचारतंय", पण फिटनेसच्या दिवशी निरीक्षकासमोर उस्ताद उभा नसतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो, म्हणजे हा प्रश्न कधी ना कधी येणारच. विमा कंपनीलाही रॅकबद्दल लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. क्लेमच्या वेळी पहिली हरकत न कळवलेल्या बदलावरच घेतली जाते.

नियमाचे शब्द तंतोतंत वाचले तर केबिनच्या वर येणारा माल हौद्याच्या पुढच्या कडेबाहेरच जातो. परवानगी मिळून केबिनवरचा भाग कागदावर आला तर ठीक. नाही मिळाली तर रॅक हौद्याच्या लांबीएवढीच ठेवा. मग तिचा उपयोग काय? आहे ना. नऊ-दहा फुटांचा लांब माल, शिड्या, फ्रेम, तीन मीटरचे पीव्हीसी पाईप वर जातात आणि खाली हौदा पोती, मशीन, टाइल्स यांना मोकळा राहतो. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं. डिझेलचा भाव बघता हा फायदा लहान नाही.

एक पद्धत आपल्याकडे फार चालते: पुढच्या स्टँडवर पाईप टेकवायचा आणि मागचं टोक हौद्याच्या तळाशी, फाळक्याला लावायचं. मागे काही बाहेर येत नाही, म्हणून लोकांना ती सुरक्षित वाटते. जरा हिशोब करा. फाळक्यापासून नऊ फुटांवर स्टँड, स्टँडची उंची तळापासून पाच फूट. वीस फुटी पाईप या उतारावर ठेवला तर त्याचं पुढचं टोक हौद्याच्या तळापासून पावणेदहा फूट उंच जातं. त्यात तळाची जमिनीपासूनची अडीच फूट उंची मिळवा, म्हणजे बारा फुटांच्या वर. आणि ते टोक स्टँडच्या आठ फूट पुढे, पार बॉनेटच्या टोकापर्यंत हवेत असतं. गल्लीतली केबल, दुकानाचं छप्पर, लाइटची सर्व्हिस वायर, सगळं त्याच उंचीवर. लोखंडी पाईप आणि लाइटची वायर यांची गाठ पडली तर काय होतं ते सांगायला नको. ही पद्धत नकोच.

मग वीस फुटी माल न्यायचा कसा? तीन रस्ते आहेत. पहिला, दुकानातच कापून घ्या. घरगुती प्लंबिंगमध्ये एका मजल्याची उंची दहा फुटांच्या आसपास असते, वीस फूट सलग पाईप लागतो कुठे? दहा-दहाचे तुकडे करून दुकानातच आटे पाडून घेतले तर एका सॉकेटचा खर्च वाढतो, बस. फॅब्रिकेशनवाल्यांनी कटिंग लिस्ट घरूनच करून न्यावी. दुसरा रस्ता, माल दुकानदाराच्या गाडीने मागवा. सळईसाठी तर आम्ही हेच सांगू, कारण वाकवलेली सळई पिकअपच्या मागे रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत जाताना आपण सगळ्यांनी बघितली आहे. तिसरा, चार जणांनी मिळून मोठी गाडी करा. इथे एक बारीक गोष्ट: १९ फुटी आयशरमध्ये सहा मीटरचा पाईप सरळ ठेवला तर आठ इंच कमी पडतात आणि फाळका बंद होत नाही. थोडाच माल असेल तर तो हौद्यात तिरपा, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ठेवला तर बसतो. जास्त असेल तर वीस फुटी किंवा त्याहून मोठीच गाडी सांगा.

आता वजनाचं बघू. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवरच्या प्रत्येक सुपरवायझरला पाठ असतं: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो दर मीटर. बारा एमएमची सळई दर मीटर ८८८ ग्रॅम, म्हणजे बारा मीटरचा एक नग साडेदहा किलोच्या वर. पन्नास नग म्हणजे पाचशे तीस किलो. मध्यम जाडीचा दोन इंची जीआय पाईप दर मीटर सुमारे पाच किलो, सहा मीटरचा एक पाईप तीस किलो. असे वीस पाईप रॅकवर टाकले तर सहाशे किलो डोक्यावर. गाडीची क्षमता दीड टनाची असली तरी ती हौद्याच्या तळाची आहे, डोक्यावरची नाही. वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर झुकते, आणि घाटात हे फार जाणवतं. आम्ही विचाराल तर पिकअपच्या रॅकवर दीडशे-दोनशे किलोपेक्षा जास्त माल ठेवू नका, छोट्या हत्तीवर त्याच्या निम्माच. जड माल खाली, लांब आणि हलका माल वर. मागच्या चाकांच्या मागे वजन लोंबलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगायला लागतं, हेही लक्षात असू द्या.

रॅकचं स्वतःचं वजनही धरा. ५० बाय ५० चा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप दर मीटर साडेचार किलोच्या आसपास भरतो. पुढची चौकट, मागची चौकट आणि तिरपे आधार मिळून पंधरा मीटर पाईप सहज लागतो. म्हणजे सत्तर किलोच्या आसपास, आणि तेवढा माल गाडीच्या क्षमतेतून गेला. पैसे वाचवायला दोन मिलिमीटरचा पाईप घेऊ नका, वळतो. आणि भीतीपोटी चॅनेल-गर्डर लावून रॅकच दीडशे किलोची करू नका. फॅब्रिकेटर बहुतेक किलोवर भाव सांगतो, त्यामुळे हा हिशोब आधी केलात तर बिलाचा अंदाजही आधीच येतो.

रॅक कशाची घ्यायची? नुसती पुढची चौकट स्वस्त पडते, पण मग माल तिरपा ठेवण्याचा मोह होतो. आम्ही दोन चौकटींच्या बाजूने आहोत: एक हौद्याच्या पुढच्या भिंतीपाशी, दुसरी फाळक्यापाशी, दोन्ही एकाच उंचीच्या, म्हणजे माल आडवा बसतो. मागची चौकट बोल्ट काढून बाजूला करता आली पाहिजे, नाहीतर हायड्राने किंवा फोर्कलिफ्टने माल भरताना ती आडवी येते. आखातातून परतलेल्या आपल्या मुलांनी तिकडे हायलक्सवर तयार लॅडर रॅक बघितलेली असते आणि ते तशीच मागतात. डिझाइन बघायला हरकत नाही, पण आपल्या पिकअपचा हौदा वेगळा, फाळके बिजागरीवर उघडणारे. तिकडची रॅक इकडे जशीच्या तशी बसत नाही.

आता बसवण्याचं काम. मालकाने उस्तादाच्या शेजारी उभं राहून करून घ्यावं, असं हे काम आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रॅक कशाला जोडायची. केबिनला अजिबात नाही. केबिन आपल्या रबरावर हलते, हौदा चेसिसबरोबर वेगळा हलतो. दोन्हींना एकच लोखंड जोडलं तर काही महिन्यांत केबिनच्या छताला चिरा पडतात आणि पावसाळ्यात पाणी डोक्यावर गळतं. केबिनवर भाग येणार असेल तर छतापासून तीन-चार इंच मोकळी जागा ठेवा. बाजूच्या फाळक्यांनाही जोडू नका, ते उघडायचे असतात. जोडायचं ते हौद्याच्या कोपऱ्यातल्या उभ्या खांबांना आणि तळाच्या आडव्या चॅनेलना. चेसिसला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. चेसिसचं पोलाद ज्या जागी तापवलं तिथेच पुढे तडकतं.

प्रत्येक पायाखाली सहा मिलिमीटर जाडीची प्लेट, खालच्या बाजूने तशीच दुसरी प्लेट, आणि मध्ये १२ एमएमचे चार बोल्ट, ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो, दुकानात बघून घ्या. नट नायलॉकचे. साधे नट गाडीच्या थरथराटाने सैल होतात.

दोन्ही चौकटींना बाजूने जोडणारे तिरपे आधार हवेतच. जोराचा ब्रेक लागला की वरचा माल आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोराने पुढे धावतो. नुसत्या उभ्या चौकटी पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पुढे झोपतात. तिरप्या पट्टीने त्रिकोण झाला की झोपत नाहीत. पुढच्या चौकटीवर माल अडवणारी आडवी प्लेट किंवा जाड जाळी लावा, म्हणजे पाईप सटकून केबिनवर जाणार नाही. आडव्या पाईपच्या दोन्ही टोकांना सहा इंचांचे उभे दांडे हवेत, गोल पाईप वळणावर घरंगळून बाजूच्या रिक्षावर पडू नये म्हणून. वरून जुन्या टायरचा किंवा कन्व्हेयर बेल्टचा तुकडा ठोकला की लोखंडावर लोखंड घसरत नाही आणि अॅल्युमिनियमवर ओरखडेही येत नाहीत.

वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. बीएस-६ गाड्यांचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, वेल्डिंगच्या करंटने तो जळाला तर रॅकच्या कितीतरी पट खर्च बसतो. अर्थची क्लिप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, गाडीच्या दुसऱ्या टोकाला नको. सीएनजी गाडी असेल तर हौद्याखाली सिलिंडर असतात. तिच्यावर वेल्डिंग करूच नका, चौकटी खाली जमिनीवर तयार करून नुसत्या बोल्टने बसवा. भोक पाडण्याआधीही खाली वाकून सिलिंडर, डिझेलची टाकी, ब्रेकची नळी कुठून जाते ते बघा. जीआय पाईप वापरलात तर जोडाच्या जागेवरचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढून मगच वेल्डिंग करायला सांगा. तो धूर छातीत गेला की उस्तादाला रात्री ताप भरतो.

पाईपची उघडी तोंडं बंद करून घ्या आणि खालच्या बाजूला पाणी निघून जायला लहान भोक ठेवा. रेड ऑक्साइड, त्यावर रंगाचे दोन हात. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत यात कंजुषी केलीत तर दुसऱ्या पावसाळ्यात पाय आतून खाल्लेले दिसतील.

बांधायला सुतळी आणि जुनी नायलॉनची दोरी नको, रॅचेट बेल्ट घ्या. बेल्ट मालावरून नुसता टाकून ओढू नका, पूर्ण गठ्ठ्याभोवती एक वेढा द्या, मगच रॅकला ताणा. वेढा नसेल तर बाहेरचे पाईप घट्ट राहतात आणि मधला एकटा बाणासारखा निघतो. लहान पाईप मोठ्या पाईपच्या पोटात घालून न्यायची सवय आपल्याकडे आहे. तसं केलंत तर दोन्ही तोंडांना पोतं घट्ट बांधा. पीव्हीसी उन्हात वाकतो, त्याच्याखाली दोन चौकटींच्या मध्ये एक फळी ठेवा.

आणि बांधायला आळस म्हणून पोराला मालावर बसवून "धरून ठेव" म्हणू नका. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वर्गातली नववीतली मुलं अब्बांच्या किंवा चाचांच्या गाडीवर अशी बसलेली आम्ही दरवर्षी बघतो. दोनशे किलो लोखंड पंधरा वर्षांच्या हातांनी थांबत नाही, ते हातांना घेऊनच जातं. त्या मुलाला कामावर न्यायचंच असेल तर केबिनमध्ये बसवा आणि वजनाचा हिशोब त्याच्याकडून करून घ्या, १६२ चं सूत्र त्याला येतं.

रॅक बसवल्यावर रिकाम्या गाडीने पन्नास-शंभर किलोमीटर फिरा आणि मग सगळे नट पुन्हा पान्याने तपासा, पहिल्या फेरीत थोडे बसतातच. त्यानंतर महिन्यातून एकदा. वेल्डिंगच्या जोडापाशी रंगात केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून गंज बाहेर येत असेल तर ती रंगाची रेघ नाही, जोड तडकलाय. तिच्यावर रंग मारू नका, त्या दिवशी रॅकवर माल चढवू नका, आणि उस्तादाकडे जोड कापून नव्याने करून घ्या.